वस्तीची मोजणी वस्तीनेच करावी: पुण्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

पुणे महापालिका निकषापेक्षा जास्त पाणी उचलते, अशी तक्रार जलसंपदा विभाग वर्षानुवर्षं करत आलाय. निकष आहे माणशी रोज १३५ लिटरचा. त्याच पुण्यात टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत वरच्या गल्लीतल्या बायका पहाटे उठून नळाला हंडे लावून बसतात, कारण खालच्या घरांचे नळ बंद झाल्याशिवाय वर दाब येत नाही. शहराचं पाणी मोजलेलं आहे. वरच्या गल्लीचं पाणी कुणी मोजलेलं नाही, म्हणून अंदाजपत्रक लिहिणाऱ्याला ती गल्ली दिसत नाही.

ही गल्ली कागदावर कशी आणायची, ते या लेखात सांगतोय. वस्तीतल्या तरुण मंडळांना, बचत गटांना, कॉलेजातून वस्तीत येणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि नुकतंच सामाजिक काम सुरू केलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. उदाहरणं पुण्याची आहेत, पण महाराष्ट्रातल्या इतर महापालिकांतही कामाची रीत साधारण अशीच असते.

या वाटेने आधी गेलेली माणसं आहेत, हे ठाऊक असलेलं बरं. १९८५ मध्ये मुंबईत फुटपाथवरच्या झोपड्या पाडण्याचा प्रश्न ऐरणीवर असताना स्पार्क संस्थेने भायखळा आणि आसपासच्या फुटपाथवासीयांची मोजणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबं नोंदली गेली. ही माणसं काल-परवा आलेली नाहीत, ती वर्षानुवर्षं इथेच राहतात आणि जवळच चालत कामाला जातात, हे त्यातून पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. पुण्यात १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांचं काम मोजलं: रोज किती माल वेचला जातो, आणि तेवढा कचरा उचलण्याचा महापालिकेचा किती खर्च वाचतो. ओळखपत्रं, आरोग्य विमा आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी महापालिकेने केलेला घरोघरच्या कचरा संकलनाचा करार, या सगळ्यांमागे संघटनेची ताकद होती आणि जोडीला हा हिशेबही होता.

१. आधी टेबल शोधा, मग प्रश्न ठरवा

नवखे लोक 'वस्तीच्या समस्या' असा विषय घेतात. पाणी, गटार, शाळा, दिवे, व्यसन, बेरोजगारी असं सगळं एकाच फॉर्ममध्ये येतं. चाळीस प्रश्नांचा अहवाल तयार होतो आणि तो कुणाच्याच टेबलावरचा विषय नसतो.

उलट्या टोकाने सुरुवात करा. तुम्हाला हवा तो बदल कोणाच्या सहीने होतो? सार्वजनिक शौचालयाची सफाई महापालिकेच्या क्षेत्रीय (वॉर्ड) कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाकडे असते, तर त्याच शौचालयाचं तुटलेलं दार कनिष्ठ अभियंत्याकडे. अंगणवाडी महापालिकेची नसते, ती राज्याच्या एकात्मिक बालविकास योजनेखाली येते. बस पीएमपीएमएल या बस कंपनीची. जमीन म्हाडाची, रेल्वेची किंवा खासगी मालकाची असेल तर महापालिका आधी तेच कारण पुढे करते, म्हणून जमीन कोणाची आहे हे पहिल्या दिवशीच शोधून ठेवा. वस्ती १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे की अघोषित, हेही त्याच दिवशी.

मग असा एक प्रश्न निवडा ज्याला सरकारचाच निकष जोडता येईल. निकष हातात असला की तुमच्या मागणीला 'तुमचं म्हणणं' असं कोणी म्हणू शकत नाही. नेहमी उपयोगी पडणारे काही:

- सामुदायिक शौचालय: स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे २५ बायकांमागे एक आणि ३५ पुरुषांमागे एक सीट.
- शाळा: शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत.
- अंगणवाडी: ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक.
- शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र: साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक.

२. सरकारकडे आधीच काय लिहिलेलं आहे ते मिळवा

पुरी झालेली शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतर प्रभागांच्या सीमा बदलल्या, २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्यामुळे आजच्या प्रभागाचा आकडा जुन्या प्रभागाच्या आकड्याशेजारी ठेवू नका. नाव तेच असलं तरी आतली घरं वेगळी असू शकतात. हा सापळा इतका साधा आहे की चांगल्या अभ्यासकांचे अहवालसुद्धा यात अडकलेले दिसतात.

पुढचा मार्ग माहिती अधिकाराचा. अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या अर्जदाराला फी नाही, दाखला मात्र जोडावा लागतो. उत्तरासाठी ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

'का' विचारू नका. "आमच्या वस्तीत शौचालय का बांधलं नाही?" या प्रश्नाला अधिकारी कायदेशीरपणे उत्तर टाळू शकतो, कारण कायदा तुम्हाला नोंदी मिळवून देतो, खुलासे नाही. असं लिहा: "अमुक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतील सार्वजनिक शौचालयांची यादी, प्रत्येकातील स्त्री-पुरुष सीटची संख्या, आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत प्रत्येकावर झालेला दुरुस्ती खर्च, यांच्या नोंदींच्या प्रती."

त्याहून सोपा आणि कमी वापरला जाणारा रस्ता म्हणजे सोमवारची फाइल पाहणी. पुणे महापालिकेने सुरू केलेली ही पद्धत राज्य शासनाने २०१८ मध्ये परिपत्रक काढून इतर स्थानिक संस्था आणि जिल्हा कार्यालयांनाही लागू केली. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. जाताना फाइलचा विषय आणि साधारण वर्ष लिहून न्या, 'सगळ्या फाइली दाखवा' म्हणू नका. दोघं जा, एकाने वाचावं, दुसऱ्याने टिपावं. दुरुस्तीची बिलं, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) आणि ठेकेदाराला दिलेले आदेश एकत्र वाचले की कोणतं काम फक्त कागदावर झालंय हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

३. टीम वस्तीतली असू द्या

बाहेरून आलेली मुलं फॉर्म भरून जातात, वस्तीत काहीच उरत नाही. मुंबईतल्या 'पुकार' संस्थेने तरुणांच्या गटांना स्वतःच्या परिसरावर संशोधन करायला शिकवण्याचा मार्ग घेतला, आणि माझ्या मते तोच बरोबर आहे. दहावी झालेली, मोबाइल चालवणारी, गल्लीत सगळ्यांना 'मावशी', 'काका' म्हणत वावरणारी मुलगी जे विचारू शकते ते एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला विचारता येत नाही.

टीममध्ये किमान निम्म्या बायका हव्यात. शौचालय, पाणी, रात्रीची सुरक्षितता हे प्रश्न पुरुषाने विचारले की उत्तर 'सगळं ठीक आहे' असंच येतं. वस्तीत दोन-तीन समाज किंवा दोन-तीन भाषा असतील तर प्रत्येकातलं कुणीतरी घ्या. आणि काम करणाऱ्या मुलामुलींना मानधन द्या. ज्यांची मजुरी बुडते त्यांच्याकडून फुकट काम करून घेऊन समतेचा अभ्यास होत नाही.

स्थानिक कार्यकर्ते आणि नगरसेवकांना काम सुरू होण्याआधी भेटा, पण प्रश्नावली त्यांच्या हाती देऊ नका. एखाद्या पक्षाचं नाव चिकटलं की अर्धी घरं दार उघडत नाहीत.

४. नकाशा काढा

एका सकाळी सगळी वस्ती पायी फिरा. गल्ल्या, नळ, शौचालय, खांब, उतार, नाला, वस्तीत शिरायचे रस्ते मोठ्या कागदावर काढा आणि घरांना स्वतःचे क्रमांक द्या. नंतर तेच गूगल माय मॅप्सवर किंवा, जमत असेल तर, क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवा. पुण्यातल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने वस्त्यांचे असे नकाशे आणि घराघराची माहिती जोडून घरोघरी शौचालयांचं काम उभं केलं. सांडपाण्याची वाहिनी कुठून जाते हे नकाशावर दिसलं की कोणत्या घरात शौचालय बांधता येईल हे ठरवता येतं.

५. प्रश्न 'कालचा' विचारा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढची सगळी मेहनत यावर टिकते.

"तुम्हाला पुरेसं पाणी येतं का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. पुरेसं म्हणजे किती, हे प्रत्येक घरात वेगळं असतं. ज्या बाईने आयुष्यभर दोन हंड्यांत भागवलंय ती 'हो, येतं की' म्हणेल, आणि तुमच्या तक्त्यात तिची गणती समाधानी घरांत होईल. सगळ्यात जास्त सोसलेली माणसं अशा सर्वेक्षणांत सगळ्यात कमी तक्रार करतात.

त्याऐवजी असं विचारा: काल नळ किती वाजता आला? किती वाजता गेला? कोणी भरलं? किती हंडे, किती कळश्या, किती पिंपं? घरात माणसं किती? भांड्यांची मापं एकदा लिटरच्या बाटलीने मोजून ठेवा, कारण हंडा प्रत्येक घरात सारखा नसतो. मग माणशी लिटर तुम्ही काढा, त्यांना काढायला लावू नका.

शौचालयाबद्दल "सोय आहे का?" नको. काल रात्री नऊनंतर गेलात का? कोणाला सोबत घेतलं? दिवा होता का? आतून कडी लागली का? पैसे दिले का, किती? पाळीच्या दिवसांत कुठे जाता? हा शेवटचा प्रश्न फक्त बायकांनी, आडोशाला, आणि समोरची बाई बोलायला तयार असेल तरच विचारायचा.

पुरुषांची आणि बायकांची माहिती वेगवेगळी ठेवा. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या 'राईट टू पी' मोहिमेतल्या कार्यकर्त्यांनी सार्वजनिक स्वच्छतागृहं बघितली तेव्हा पुरुषांना मुतारी मोफत आणि बायकांकडून मात्र पैसे, हे उघडं पडलं. एकत्रित तक्त्यात ते कधीच दिसलं नसतं. लिंग, गल्ली, घरमालक की भाडेकरू, आणि घरात अपंग किंवा वृद्ध व्यक्ती आहे का, एवढे रकाने प्रत्येक अभ्यासात ठेवा.

जे लागणार नाही ते घेऊ नका. आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, कागदपत्रांचे फोटो, कशाचीच गरज नाही. जात किंवा धर्म विचारायचा तर त्याची गरज आधी टीममध्ये सगळ्यांना पटलेली असावी, आणि 'सांगायचं नाही' हा पर्याय फॉर्मवर छापलेला असावा.

शेवटी, प्रश्नावली शेजारच्या वस्तीत दहा-बारा घरांत करून बघा. जिथे समोरचा माणूस "म्हणजे?" असं विचारतो तो प्रश्न बदला.

६. मोजणीच्या दिवसांसाठी लागणाऱ्या वस्तू आणि कागद

- संमतीचा मजकूर, मोठ्या अक्षरांत, वाचून दाखवायला.
- छापील फॉर्म. मोबाइलवर करत असाल तरी थोडे छापून ठेवा.
- कोबो टूलबॉक्स, म्हणजे मोबाइलवर फॉर्म भरायचं साधन: फुकट आहे, मराठीत फॉर्म बनतो, रेंज नसली तरी चालतो.
- संस्थेचं किंवा मंडळाचं ओळखपत्र, आणि क्षेत्रीय कार्यालयाला दिलेल्या माहितीपत्राची पोच घेतलेली प्रत.
- मोजपट्टी, लिटरची बाटली, घड्याळ, पॉवर बँक.
- नकाशाची प्रत, झालेल्या घरांवर खूण करायला.

७. दारात उभं राहिल्यावर

पहिलं वाक्य ठरवून घ्या आणि सगळ्यांनी तेच म्हणा. पुण्या-मुंबईत कोणी फॉर्म घेऊन आलं की लोकांना झोपडपट्टी पुनर्वसन आठवतं. कुणाला घर मिळण्याची आशा वाटते, तो लग्न झालेल्या मुलाचं वेगळं कुटुंब सांगतो. कुणाला घर जाण्याची भीती वाटते, तो दारच लावून घेतो. भाडेकरू ठेवलेले मालक भाडेकरूंचा उल्लेख टाळतात, आणि सगळ्यात वाईट सोय बहुधा भाडेकरूंच्याच वाट्याला आलेली असते. म्हणून असं सांगा: "मावशी, आम्ही याच वस्तीतले. हा पुनर्वसनाचा सर्व्हे नाही. यातून कुणाला घर मिळणार नाही आणि कुणाचं जाणारही नाही. फक्त पाण्याचं मोजतोय. नाव लिहीत नाही." जे मिळणार नाही त्याचं आश्वासन देऊ नका, कितीही मोह झाला तरी.

वेळ महत्त्वाची. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चारच्या सुमारास घरी असतात, पुरुष रविवारी. सकाळी अकराला गेलात तर फक्त म्हातारी माणसं आणि लहान मुलं भेटतील आणि तुमचा अभ्यास त्यांचाच होईल. बंद घराला निदान तीनदा, वेगवेगळ्या वेळी जा.

दोनशेच्या आत घरं असतील तर सगळी मोजा. त्याहून मोठी वस्ती असेल तर प्रत्येक गल्लीतलं दर पाचवं घर घ्या, पहिल्या घराची चिठ्ठी टाका. रस्त्याकडेची घरं सोयीची म्हणून घेतली जातात, आणि नाल्याकाठची किंवा उताराच्या टोकाची सुटतात. ज्यांच्यासाठी हा खटाटोप करायचा तीच घरं सुटली तर अभ्यास उलटा बोलू लागतो.

८. आधी वस्तीत वाचून दाखवा

आकडे कुठेही पाठवण्याआधी वस्तीत एक बैठक घ्या. समाजमंदिरात, रात्री जेवणं झाल्यावर. नकाशा भिंतीवर लावा, आकडे मोठ्याने वाचा. लोक चुका काढतात, आणि त्या बहुतेक वेळा बरोबर असतात: "त्या आठवड्यात पंप बंद होता", "ती गल्ली दुसऱ्या लाइनवर आहे". कोणतं घर ओळखू येईल असा तपशील दिसला तर तिथेच काढून टाका. मागणी काय करायची हेही याच बैठकीत ठरवा. तरुण मुलांना रस्ता हवा असतो आणि बायकांना शौचालयाचा दिवा. दोन्ही ऐका, आणि मतदान घेतलंत तर बायकांची संख्या बघून घ्या.

९. दोन पानांत मांडा

साठ पानी अहवाल अधिकारी वाचत नाही. दोन पानं करा, बाकी परिशिष्ट.

पहिल्या पानावर नकाशा आणि एक तक्ता: निकष काय, महापालिकेच्या नोंदीत काय, प्रत्यक्षात काय. समजा वस्तीत पाचशे बायका आहेत. निकषाने वीस सीट हव्यात. नोंदीत बारा आहेत. चालू सात. हा एकच तक्ता चाळीस पानांपेक्षा जास्त काम करतो, कारण बारा आणि सात यांमधल्या पाच सीटचा जाब महापालिकेला तिच्याच कागदावरून द्यावा लागतो. 'चालू' म्हणजे काय हे खाली लिहा: दार, कडी, पाणी आणि दिवा, चारही असतील तरच.

सरासरी देताना सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची गल्ली शेजारी शेजारी द्या. वरच्या गल्लीला किती लिटर, खालच्या गल्लीला किती, हे दोन आकडे. घरं कमी असतील तर टक्केवारी टाळा. '४० टक्के' म्हणण्यापेक्षा '१५ पैकी ६ घरं' लिहिलं की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

दुसऱ्या पानावर मागणी: काम, जागा, अंदाजे खर्च, जबाबदार अधिकाऱ्याचं पद.

१०. योग्य महिन्यात, योग्य दारात

महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि आयुक्त अंदाजपत्रक त्याआधी, वर्षाच्या सुरुवातीला मांडतात. म्हणजे मागणी पावसाळा संपता संपता पोचायला हवी. फेब्रुवारीत दिलेला उत्तम अभ्यास एक वर्ष पडून राहतो.

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन अर्ज भरून आपल्या भागातलं छोटं काम सुचवता येतं. दिवा, पदपथ, बाक, शौचालयाची दुरुस्ती अशा कामांना ही वाट बरी. मुदत थोडी असते आणि जाहिरात फारशी होत नाही, त्यामुळे सोसायट्यांचे अर्ज भरपूर येतात आणि वस्त्यांचे कमी. पावसाळ्यात क्षेत्रीय कार्यालयात अधूनमधून चौकशी करत राहा.

मोठ्या कामासाठी क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना अर्ज द्या, प्रत संबंधित विभागप्रमुखाला. नगरसेवकालाही द्या, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षं सगळा कारभार प्रशासकाकडे होता, आणि ज्या वस्त्यांना फक्त नगरसेवकाचं घर माहीत होतं त्यांचे अर्ज अडकले.

अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरलं जातं. महिन्याभरात हालचाल नसेल तर त्याच आवक क्रमांकाने 'अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदी' माहिती अधिकारात मागा, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी होणाऱ्या लोकशाही दिनात विषय न्या. लोकशाही दिनासाठी अर्ज आधी द्यावा लागतो, त्याची मुदत विचारून घ्या.

११. काम झालं म्हणाले की पुन्हा मोजा

फाइलवर 'काम पूर्ण' असा शेरा पडला की तोच फॉर्म, त्याच गल्ल्या, त्याच वेळा घेऊन पुन्हा मोजणी करा. प्रश्न बदलू नका, सुधारणा सुचली तरी, नाहीतर आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येणार नाहीत. नवे पाच संडास चालू झाले असतील तर ते तसं लिहून क्षेत्रीय कार्यालयाला कळवा. चांगलं काम करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला वस्तीच्या सह्यांचं पत्र द्या, पुढच्या वेळी तोच तुमची फाइल शोधून काढतो. दाब खालच्याच गल्लीत वाढला असेल आणि वरच्या गल्लीत हंडे तेवढेच भरत असतील, तर दोन्ही मोजण्यांचे आकडे एका पानावर घेऊन, जुना आवक क्रमांक वर लिहून, नवा अर्ज त्याच आठवड्यात द्या.